भेट द्यायचं युकुलेले: स्वस्तातलं घ्या, पण सुरात लागणारं घ्या

युकुलेले म्हणजे चार तारांचं, छोट्या गिटारसारखं वाद्य. भेट म्हणून मिळालेली कितीतरी युकुलेले महिन्याभरात कपाटावर जाऊन बसतात आणि खापर फुटतं ते घेणाऱ्याच्या आळसाच्या माथी. खोट बऱ्याचदा वाद्यातच असते. तार सुरात लागत नाही, लागली तर टिकत नाही, पहिल्या पडद्यावर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबताना बोटं दुखतात. वाजवणारा माणूस अशी खोट दोन मिनिटांत ओळखतो. नवशिक्याला मात्र वाटतं, आपल्यालाच सुराचं अंग नाही. त्यामुळे मैत्रिणीसाठी किंवा मित्रासाठी युकुलेले निवडताना रंग, नक्षी, ब्रँड हे सगळं नंतर बघा. खोका उघडल्या दिवशी ते सुरात वाजायला हवं, ही एकच अट धरून चाला. ती अट पुरी करणारं वाद्य फार महाग नसतं, फक्त देण्याआधी आपल्याला थोडा वेळ घालवावा लागतो.

आधी माणूस, मग वाद्य

दुकानात जाण्याआधी मैत्रिणीबद्दल तीन-चार गोष्टी मनाशी पक्क्या करा. तिचे हात केवढे आहेत? ती आधी काही वाजवते का, गाते का? राहते कुठे, रत्नागिरीच्या दमट हवेत की दिवसभर एसी चालणाऱ्या फ्लॅटमध्ये? डावखुरी आहे का? आणि तिला हे वाद्य मुळात हवं आहे का? सोशल मीडियावर कुणाचा व्हिडिओ बघून 'किती गोड' म्हणणं वेगळं आणि रोज दहा मिनिटं बसणं वेगळं. शंका असेल तर तिच्या घरच्यांना हळूच विचारा.

डावखुरं असणं ही इथे मोठी अडचण नाही. युकुलेलेचा आकार दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, तारा उलट्या क्रमाने लावल्या की बहुतेक वेळा काम भागतं. बरेच डावखुरे लोक उजव्या हाताचंच वाजवायला शिकतात, तेही ठीक. मात्र कडेला खाच काढलेलं, म्हणजे कटअवे असलेलं मॉडेल अशा मैत्रिणीसाठी घेऊ नका.

ती गिटार वाजवत असेल तर काम सोपं आहे. गिटारच्या कॉर्डचे, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या जुळणीचे, आकार युकुलेलेवर तसेच चालतात, फक्त नावं बदलतात. गिटारवरच्या 'डी'ची बोटं इथे ठेवली की 'जी' वाजतो. अशा माणसाला फार लहान वाद्य मात्र देऊ नये, हाताला सवय मोठ्या मानेची असते.

आकार: २१ इंची की २३ इंची?

युकुलेले चार आकारांत येतात. सोप्रानो साधारण २१ इंच, कॉन्सर्ट २३-२४, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंचांच्या आसपास. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत बरेचदा नावाऐवजी इंचच लिहिलेले असतात, म्हणून हे आकडे लक्षात ठेवा. १७ इंची, चार तारांचं, कार्टूनचं चित्र असलेलं काही दिसलं तर ते खेळणं आहे. दोन-तीन वर्षांच्या पोराला बडवायला द्यायचं असेल तरच घ्या.

सोप्रानो हा मूळचा आकार. १८७९ च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करायला निघालेली माणसं घेऊन होनोलुलूला पोचलं. त्यांत मॅन्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो असे तीन सुतारकाम जाणणारे होते. मदेरातल्या 'माशेत' नावाच्या छोट्या चार तारांच्या वाद्यावरून त्यांनी हवाईत जे घडवलं, तेच पुढे युकुलेले झालं. राजा कालाकाउआने त्याला दरबारात जागा दिली आणि ते हवाईचं वाद्य म्हणून जगभर ओळखलं जाऊ लागलं. एरवी मुलांच्या हातातलं खेळणं वाटणाऱ्या या वाद्याला एवढी मोठी परंपरा आहे, हे भेटीच्या चिठ्ठीत दोन ओळींत लिहायलाही छान.

परंपरा सोप्रानोची असली तरी मोठ्या माणसाला भेट द्यायची तर माझं मत कॉन्सर्टच्या बाजूने आहे. दोन पडद्यांमधलं अंतर थोडं जास्त असल्यामुळे बोटं एकमेकांवर चढत नाहीत. आवाजही जरा भरीव येतो. सोप्रानोपेक्षा पाच-सातशे रुपये जास्त पडतील, पण हे पैसे सार्थकी लागतात. बोटं जाड असतील तर मानेची रुंदीही बघा. नटजवळ, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे, ३५ मिलिमीटरच्या मानेपेक्षा ३८ मिलिमीटरची सोयीची पडते. आठ-दहा वर्षांच्या मुलीला द्यायचं असेल किंवा मैत्रीण सतत सॅक पाठीला लावून फिरणारी असेल तर सोप्रानोच बरं.

टेनर उत्तम वाद्य आहे, पण स्वस्तातलं चांगलं टेनर शोधणं अवघड जातं. बॅरिटोन नवशिक्याला देऊच नका. त्याचे सूर गिटारच्या उंच सुराच्या चार तारांसारखे लावलेले असतात, त्यामुळे इंटरनेटवरचा जवळजवळ प्रत्येक युकुलेलेचा धडा त्याला लागू पडत नाही.

पैसे कुठे घालायचे

हजार रुपयांच्या आतलं सोडून द्या. त्या किमतीत वाद्यासारखी दिसणारी वस्तू मिळते. दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात मात्र आज आपल्याकडे बरीच वाजवण्याजोगी युकुलेले मिळतात. केडन्स, ज्युआरेझ, व्हॉल्ट ही नावं तुम्हाला दिसतील. थोडं वर गेलात तर 'काला' कंपनीचं केए-१५एस किंवा त्यांचंच मकाला, प्रवासात वापरता येईल असं फ्लाइटचं टीयूएस ३५, असे जगभर नवशिक्यांना सुचवले जाणारे पर्याय आहेत. यातलं नेमकं कुठलं घ्यावं यावर मी हट्ट धरणार नाही. या किमतीत एकाच मॉडेलचे दोन नग वेगवेगळे निघतात. नावापेक्षा हातातला नग तपासणं महत्त्वाचं.

एकूण बजेट तीन हजार असेल तर सगळे वाद्यावर उडवू नका. तीन-चारशे रुपयांचा क्लिप ट्यूनर, म्हणजे वाद्याच्या डोक्याला लावायचा, सूर दाखवणारा चिमटा, हवाच. फोनवर फुकट अ‍ॅप मिळतं हे खरं, पण घरात पंखा, कुकर आणि टीव्ही सुरू असताना अ‍ॅप गोंधळतं. क्लिप ट्यूनर लाकडाचं कंपन पकडतो, त्याला बाहेरच्या आवाजाने फरक पडत नाही. मग एक पिशवी, आतून थोडा फोम असलेली. बस. कॉम्बोमध्ये मिळणारी पिकं (तार छेडायच्या चकत्या), पट्टा, पुसायचं फडकं, स्टिकर यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. युकुलेले बोटांनी आणि अंगठ्याने वाजवतात, गिटारचं कडक पिक त्यावर कर्कश लागतं.

लाकूड: भेटीसाठी प्लाय बरं

'सॉलिड टॉप' हे शब्द वाचून भुलू नका. अखंड लाकडाचा वरचा पत्रा असलेलं वाद्य चांगलं वाजतं, पण ते सांभाळावं लागतं. पावसाळ्यात फुगतं, एसीत किंवा विदर्भातल्या मे महिन्यात सुकून तडकतं. ज्या माणसाने अजून पहिली कॉर्डही धरलेली नाही त्याच्या डोक्याला हा ताप कशाला? पातळ थर चिकटवून केलेलं लॅमिनेट, म्हणजे बोलीभाषेत प्लाय, आवाजात थोडं कमी पडतं पण हवेला दाद देत नाही. महोगनी किंवा सपेलीचं लॅमिनेट, वरून साधी मॅट पॉलिश, असं मिळालं तर उत्तम. जाड चकचकीत रंगाचा थर असलेली गुलाबी-निळी युकुलेले दिसायला गोड असतात, पण तो थर लाकडाला हलू देत नाही आणि आवाज दबतो.

मैत्रीण समुद्राकाठी राहत असेल किंवा ट्रेकला घेऊन जाणार असेल, तर प्लॅस्टिकची पाठ असलेलं किंवा पूर्ण प्लॅस्टिकचं युकुलेलेही चालेल. नाक मुरडू नका, चांगल्या कंपन्यांची अशी वाद्यं नीट सुरात लागतात.

तारा आणि खुंट्या

युकुलेलेला नायलॉन, फ्लुरोकार्बन किंवा त्याच जातीच्या कृत्रिम तारा लागतात. इटलीच्या 'अक्विला' कंपनीच्या पांढुरक्या नायलगट तारा सर्वांत जास्त दिसतात, आणि स्वस्त वाद्याचा आवाज त्या खरंच सुधारतात. मॉडेलच्या वर्णनात अक्विलाचं नाव असेल तर एक गुण जास्त द्या. नसेल तर पाच-सातशेचा एक संच वेगळा घेऊन दुकानदाराकडूनच बदलून घ्या. चार हजारांच्या वाद्यापेक्षा अडीच हजारांचं वाद्य आणि चांगल्या तारा, हा सौदा मला नेहमी बरा वाटतो. स्टीलच्या तारा मात्र कधीच लावायच्या नाहीत. त्यांच्या ताणाने घोडी, म्हणजे तारा शरीरावर जिथे बांधतात तो तुकडा, उखडून येते.

खुंट्या दोन प्रकारच्या असतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानांसारख्या बाहेर आलेल्या खुंट्यांना आत दातेरी चक्रं असतात, थोडं फिरवलं की सूर थोडाच बदलतो. दुसऱ्या, सरळ मागे निघालेल्या खुंट्या नुसत्या घर्षणावर टिकतात. त्या किंचित फिरवल्या तरी सूर कुठल्या कुठे जातो. तंबोऱ्याच्या खुंट्या ज्यांनी लावल्या आहेत त्यांना हे नवीन नाही, पण नवशिक्याला ती परीक्षा देऊ नये. कानवाल्याच घ्या.

दुकानात तपासताना

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. वाजवता येत नसलं तरी जमतो. सोबत क्लिप ट्यूनर, दोन-चार एटीएम कार्डं आणि थोडा निर्लज्जपणा न्या. मुंबईत धोबी तलावला किंवा गोव्यात पणजी-मडगावला फुर्टाडोजसारख्या मोठ्या दुकानांत वाद्य काढून बघू देतात. गावातल्या दुकानदारालाही आधी सांगून ठेवलं तर तो सहसा नाही म्हणत नाही.

सुरुवात डोळ्यांनी करा. मान शरीराला जिथे जोडली आहे तिथे फट नको. घोडीच्या कडेने नख फिरवा, कुठे आत शिरलं तर ती सुटायला लागली आहे. मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात सरकवा. पडद्यांची टोकं टोचत असतील तर तो नग परत ठेवा.

मग चारही तारा ट्यूनरवर लावून घ्या, किंवा दुकानदाराला लावायला सांगा. ट्यूनर ४४० वर, म्हणजे 'ए' सुराच्या नेहमीच्या मापावर आहे ना, ते बघा. काहींमध्ये चुकून बटण दाबलं जाऊन तो आकडा सरकलेला असतो. डोळ्यांजवळच्या बाजूने क्रम जी, सी, ई, ए असा असतो. पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. पहिली तार दुसरीपेक्षा उंच सुराची का, म्हणून गोंधळू नका, युकुलेलेची खासियतच ती आहे.

आता खरी परीक्षा. शेवटच्या, म्हणजे 'ए' तारेवर पहिल्या पडद्यामागे बोट दाबून छेडा. ट्यूनरवर 'ए शार्प' यायला हवा, काटा मध्यावर किंवा जरासा उजवीकडे. बराच उजवीकडे गेला तर नट उंच आहे, म्हणजे डोक्याजवळच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नाहीत. स्वस्त वाद्यांचा हा सर्वांत मोठा रोग. याच्यामुळे बोटं दुखतात आणि प्रत्येक कॉर्ड किंचित बेसूर लागते. खात्री करायला तिसऱ्या पडद्यामागे तार दाबा आणि पहिल्या पडद्यावर तारेखाली किती फट उरते ते बघा. कागद जाईल एवढीच हवी.

पुढे बारावा पडदा. प्रत्येक तार आधी मोकळी वाजवा, मग बाराव्या पडद्यावर दाबून. ट्यूनरवर तेच अक्षर आलं पाहिजे, कारण तो सूर एक सप्तक वरचा असतो. काटा पाच-दहा सेंटने (सेंट म्हणजे दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) हलला तर माफ करा. वीसच्या वर गेला तर कानालाही खुपतो. तारांची उंची बघायला एटीएम कार्डं वापरा. एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. बाराव्या पडद्यावर तारेखाली तीन कार्डांची चळत आरामात बसावी, चारांहून जास्त जात असतील तर तारा फार उंच आहेत.

शेवटी चारही तारांवर एकेक पडदा दाबत वर जा. कुठे झणझण ऐकू आली तर बहुधा त्याच्या पुढचा एखादा पडदा वर आलेला आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर मेहनत घेऊन जवारी काढतात, तिथे त्या झणझणीला किंमत आहे. युकुलेलेत ती निव्वळ बिघाड आहे. दुकानदार 'वाजवून वाजवून जाईल' म्हणाला तर हसून दुसरा नग मागा. उंच नट मात्र चांगला गिटार दुरुस्त करणारा थोडक्या पैशांत ठीक करून देतो, त्यामुळे बाकी सगळं उत्तम असेल तर तेवढ्यासाठी वाद्य सोडू नका.

ऑनलाइन घ्यायचं असेल तर

एकच नियम: खोका थेट तिच्या पत्त्यावर पाठवू नका. स्वतःच्या घरी मागवा, वाढदिवसाच्या किमान दोन आठवडे आधी. उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि वर सांगितलेली सगळी तपासणी घरी करा. परत करण्याची मुदत मागवण्याआधी वाचा, कारण वाद्यांसाठी ती काही ठिकाणी फार कमी असते, आणि काही ठिकाणी फक्त बदलून मिळतं. परीक्षणं वाचताना पाच ताऱ्यांची सोडा, दोन आणि तीन ताऱ्यांची वाचा. 'सूर टिकत नाही' एवढ्याने घाबरू नका, नव्या तारांचं ते होतंच. 'पडद्यांची टोकं टोचतात', 'बाराव्या पडद्यावर बेसूर' असं दोन-तीन जणांनी लिहिलं असेल तर ते मॉडेल सोडून पुढे जा.

मैत्रीण परदेशात असेल तर इथून पाठवण्याच्या फंदात पडू नका. तिथल्याच एखाद्या दुकानातून घ्या, शक्यतो पाठवण्याआधी वाद्य तपासून, नट-घोडी नीट करून देणाऱ्या. फक्त युकुलेले विकणारी बरीच दुकानं ही सेवा किमतीतच देतात.

देण्याआधीचा आठवडा

नायलॉनच्या नव्या तारा ताणल्या जातात, त्यामुळे पहिले काही दिवस सूर सतत उतरतो. हा त्रास मैत्रिणीच्या वाट्याला का येऊ द्यायचा? रोज एकदा वाद्य काढा, तारा लावा, प्रत्येक तार बाराव्या पडद्याजवळ बोटाने हलकेच उचलून ताणा, पुन्हा लावा. पाच-सहा दिवसांत तारा शांत होतात.

ट्यूनरमध्ये बॅटरीला लावलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा काढून तो चालू होतो का बघा. त्यावर 'सी' आणि 'यू' अशा खुणा असतील तर 'यू' म्हणजे युकुलेले, त्यावर ठेवून द्या.

मग एक कागद घ्या आणि त्यावर चार कॉर्डच्या आकृत्या हाताने काढा. सी: 'ए' तारेचा तिसरा पडदा, एकच बोट. ए मायनर: 'जी' तारेचा दुसरा पडदा, तेही एकच बोट. एफ: ए मायनर तसाच ठेवून 'ई' तारेचा पहिला पडदा. जी सेव्हन: 'सी'चा दुसरा, 'ई'चा पहिला, 'ए'चा दुसरा. या चारांवर ढिगाने गाणी बसतात, आणि पहिल्या तीनांना मिळून दोनच बोटं एका वेळी लागतात.

मैत्रीण गाणं शिकलेली असेल तर कागदाच्या मागे आणखी एक गोष्ट लिहा. पांढरी एक हा सा धरला तर युकुलेलेच्या मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा लागतात. भूपातले पाचपैकी चार सूर काहीही न दाबता तयार! उरलेला रे 'सी' तारेच्या दुसऱ्या पडद्यावर मिळतो. म्हणजे आरोह असा: मोकळी सी, तिचा दुसरा पडदा, मोकळी ई, तिचा तिसरा पडदा, मोकळी ए, तिचा तिसरा पडदा. सा रे ग प ध सां. कॉर्ड म्हणजे काय हे माहीत नसलेली, पण शाळेत पेटीवर भूप गायलेली मुलगी हे पाच मिनिटांत वाजवते. तिची पट्टी पांढरी एकमध्ये बसणार नाही कदाचित, पण बोटं कुठे ठेवायची ते तर कळेल.

खोका सजवताना वाद्य पिशवीत घालून मग गुंडाळा, तारा सैल करू नका. लॅमिनेटचं वाद्य त्या ताणाला पुरतं टिकतं, आणि सैल केल्या तर आठवड्याची मेहनत वाया. चिठ्ठीत एवढं नक्की लिहा: गाडीत उन्हात ठेवू नकोस, आणि रोज वाजवण्याआधी ट्यूनर लाव. बिल मात्र खोक्यात घालू नका, स्वतःकडेच ठेवा. महिन्याभरात खुंटी घसरायला लागली तर दुकानात भांडायला तुम्हालाच जायचं आहे.